फ्लॅटमधलं घर पर्यावरणस्नेही कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गॅलरीतल्या खताच्या बादल्या पाहून शेजारीपाजारी, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या हिशेबाने दिली आहेत. अंगण किंवा स्वतःची गच्ची असेल तर याहून बरंच जास्त करता येतं.

सुरुवात नेमकी कुठून करू?

ओल्या कचऱ्यापासून. त्यानंतर जिथे वीज किंवा गॅस जाळून काहीतरी तापवलं किंवा थंड केलं जातं तिथे लक्ष द्या, आणि मग पाण्याकडे वळा. घराचा पर्यावरणावरचा बहुतेक भार या तीन जागी असतो.

बरेच जण सुरुवात खरेदीने करतात: बांबूचा टूथब्रश, स्टीलची स्ट्रॉ, काचेच्या बरण्यांचा सेट. माझं मत याच्या उलट आहे. स्वयंपाकघरात प्लास्टिकचे चांगले डबे असतील तर ते फुटेपर्यंत वापरा. धडधाकट वस्तू टाकून तिच्या जागी ‘इको’ वस्तू आणली की एका वस्तूचा कचरा होतो आणि दुसरी बनवायला पुन्हा ऊर्जा लागते. पहिल्या महिन्यात काहीही विकत न घेता भरपूर काम होतं.

ओला कचरा महापालिका नेतेच की. मग घरी कशाला जिरवायचा?

नेते, पण तो कुठे जातो ते बघायला हवं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत ओतला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवून आंदोलनं करावी लागली. मुंबईचं देवनारचं क्षेपणभूमीचं मैदान १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि आसपासच्या वस्त्यांनी तो धूर श्वासात घेतला.

आग लागण्याचं एक मोठं कारण आपल्या भाजीच्या देठांत आहे. ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू पेट घेतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. तेच देठ बादलीत हवा खेळती ठेवून कुजवले तर मिथेन जवळपास होतच नाही, आणि हाताशी खत येतं.

दुसरी गोष्ट माणसांची. ओलं-सुकं एकत्र झालं की खरकट्यात भिजलेला कागद, पिशव्या कचरावेचक महिलांना हाताने उपसाव्या लागतात. भिजलेल्या कागदाला भावही येत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा घरातच वेगळा करणं ही प्रत्येक घराची जबाबदारी आहे. नियम नसता तरी त्यांच्या हातांकडे बघून आपण ते करायला हवं.

फक्त छोटी गॅलरी आहे. खत कसं करायचं ते पायरीपायरीने सांगा.

घराचं रंगकाम झालं की रंगाच्या २० लिटरच्या बादल्या उरतात. चौघांच्या घराला अशा तीन पुरतात. स्वच्छ धुऊन घ्या. खिळा तापवून तळाला आठ-दहा आणि बाजूंनी वीत-वीत अंतरावर भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनी ताटली सरकवा.

तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा थर द्या, म्हणजे खालून हवा येते आणि पाणी साचत नाही. त्यावर चार बोटं सुका पाला. मग विरजण म्हणून कुणाकडचं तरी तयार खत ओंजळभर घाला. ते मिळालं नाही तर वाटीभर आंबट ताक शिंपडा. विकतचं कल्चर लागतंच असं नाही.

रोजचा क्रम असा. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं बादलीत टाकायची. केळीची साल, कोबीचा बुंधा, कलिंगडाची पाठ बारीक चिरून टाकली तर निम्म्या वेळात कुजते. चहाचा चोथा एकदा धुऊन घ्या. साखर राहिली की मुंग्या येतात. वरून कचऱ्याइतकाच, शक्यतो थोडा जास्तच, सुका पाला पसरायचा आणि झाकण अर्धवट ठेवायचं. आठवड्यातून दोनदा खुरप्याने तळापासून वर-खाली करायचं.

सगळं गणित ओलाव्याचं आहे. मधल्या थरातलं थोडं हातात घेऊन मूठ आवळा. लाडू वळतो तसं ते एकत्र राहिलं पाहिजे, पण बोटांमधून पाणी येता कामा नये. पाणी आलं तर पाला घाला. भुगा होऊन सुटलं तर पाण्याचा हबका मारा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मधला भाग हाताला गरम लागतो. ते जिवाणू जोमाने काम करत असल्याचं लक्षण आहे, घाबरू नका.

एक बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. दीड-दोन महिन्यांत पहिलीतला ऐवज खाली बसतो, काळा आणि भुसभुशीत होतो, त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. पिठाची जुनी चाळण घेऊन चाळा. वर राहिलेल्या काड्या नव्या बादलीत टाका; त्यांच्यावर जिवाणू असतातच, त्यामुळे वेगळं विरजण लागत नाही.

सुरुवातीला मटण-मासळीची हाडं, तेलाचा तवंग असलेला रस्सा, दूध-दही यांना लांब ठेवा. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या टाकल्या तरी चालतं, पण त्या वर्ष वर्ष तशाच सापडतात.

वास येतो, अळ्या होतात, चिलटं घोंगावतात. काय चुकतंय?

जवळपास प्रत्येक वेळी उत्तर एकच: पाणी जास्त, हवा कमी. सडका वास आला तर दोन ओंजळी पाला किंवा लाकडाचा भुसा घालून तळापासून ढवळा, एक दिवस नवीन काही टाकू नका. नाकात झोंबणारा वास असेल तर पाल्याचं प्रमाण कमी पडतंय.

चपट्या, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. दिसायला नकोशा वाटतात खऱ्या, पण त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. नकोच असतील तर बादली कोरडी ठेवा, त्या आपोआप कमी होतात. चिलटं फळांच्या उघड्या सालींवर येतात. साली पाल्याखाली दाबल्या आणि बादलीच्या तोंडाला सुती कापड बांधलं की ती थांबतात.

पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच गरज जास्त असते. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल, पानगळीच्या दिवसांत दोन-तीन पोती भरून जिन्याखाली ठेवा. सोसायटीच्या आवारात झाडलेला पाला कुणी पेटवत असेल तर त्यालाही थांबवा. ते बेकायदा आहे, आणि तो पाला तुमच्या बादलीचा निम्मा कच्चा माल आहे.

सासूबाईंना ‘कुजलेलं घरात ठेवणं’ पटत नाही.

निर्माल्यापासून सुरुवात करा. देवाची फुलं, दूर्वा, बेल कचऱ्याच्या डब्यात टाकायला त्यांनाही नको वाटत असतं, आणि नदीत टाकणं योग्य नाही हे त्या जाणतात. निर्माल्यासाठी एक वेगळी मातीची कुंडी ठेवा आणि तिची देखरेख त्यांच्याकडेच सोपवा. तीन महिन्यांनी त्यातलं खत तुळशीला घालताना त्यांचाच हात पुढे असेल. शिवाय त्यांच्या लहानपणी गावाला परसात उकिरडा असणार. शेणखत कधी ‘तयार’ झालं हे ओळखायची त्यांची नजर आपल्याहून पक्की असते. त्यांना विचारून करा.

खताऐवजी बायोगॅस घरी होतो का?

गच्चीची परवानगी आणि रोजचं उरलेलं अन्न असेल तर होतो. पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने छोटं घरगुती संयंत्र विकसित केलं, त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यात शेणाऐवजी शिळा भात, पोळ्या, पीठ असे पिष्टमय पदार्थ चालतात. सुरुवातीला विरजणाला मात्र शेण लागतं. ज्या घरात अन्न फारसं उरत नाही (आणि ते उरू नयेच), त्यांना खताची बादलीच सोयीची.

विजेचं बिल बघून काय कळतं? कुठे हात घालू?

दिव्यांपासून सुरुवात करू नका. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपतं. त्याच एका युनिटमध्ये नऊ वॅटचा एलईडी दिवा ११० तास जळतो. मुलांना ‘दिवा बंद कर’ म्हणून ओरडतो आणि गीझर सकाळी सहापासून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत चालू असतो, असं चित्र घरोघरी आहे.

राज्यातली वीज अजून मोठ्या प्रमाणात चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. देशभराची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख आणि धूर त्या गावांच्या वाट्याला येतात, गरम पाणी आपल्या.

म्हणून गीझरचं तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. कढत पाण्यात गार पाणी मिसळायचं असेल तर ते कढत करण्यात अर्थ नाही. आंघोळी पाठोपाठ उरका. उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, गच्चीच्या टाकीतलं पाणी दुपारी आपोआप कोमट असतं. त्या दोन महिन्यांत आमचा गीझर बंद असतो.

एसी हवाच असेल तर २४ ते २६ अंशांवर, सोबत पंखा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा लावा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा कितीतरी जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णता खोलीतच राहते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग लावायचा विषय सोसायटीत काढा.

पंखा हा लहान वाटणारा पण दिवसभर फिरणारा खर्च. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला साधारण १६ युनिटं वाचतात. वस्तू फुटेपर्यंत वापरा असं वर म्हटलं, त्याला हा अपवाद. फक्त हॉल आणि झोपायच्या खोलीतलेच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला आहे तसा राहू दे.

फ्लॅटवाल्यांना सोलर शक्य आहे का?

शक्य आहे, पण एकट्याने नाही. गच्ची सामाईक असल्याने सोसायटीचा ठराव लागतो. छतावरच्या सौर विजेसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत स्वतःचं छत असलेल्या घराला दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते.

त्याआधी एक काम करा: गच्चीवरचे सौर बंब चालू आहेत का ते बघा. कितीतरी इमारतींत बिल्डरने लावून दिलेले बंब क्षार साचून किंवा एखादी नळी फुटून बंद पडलेले असतात आणि खाली प्रत्येक घरात गीझर चालतो. दुरुस्तीचा खर्च नव्या सोलरपेक्षा खूपच कमी येतो. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी प्रकल्प चालू स्थितीत असतील तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते, हा मुद्दा सभेत उपयोगी पडतो.

गॅस वाचवायला काय?

डाळ, कडधान्यं, तांदूळ भिजत घाला; झाकण ठेवून शिजवा. उकळी फुटली की आच मंद करा. उकळत्या पाण्याचं तापमान मोठ्या आचेवरही वाढत नाही, फक्त वाफ जास्त जाते.

पाण्याचं काय? आम्हाला तर चोवीस तास पाणी आहे.

आज आहे. मे महिन्यात टँकर येतात तेव्हा ते कुठल्या तरी गावाच्या विहिरीतून, बोअरमधून येतात.

सगळ्यांत आधी आरओ. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे घरगुती आरओ साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. खडकवासल्याचं पाणी मुळातच कमी क्षारांचं आहे. महापालिकेचं पाणी येणाऱ्या घरात बहुतेकदा साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) पुरतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर निर्बंध आणा असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एकदा मोजा आणि ठरवा. बोअरचं जड पाणी असेल तर आरओ ठेवा, पण बाहेर पडणारी नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. झाडांना नेहमी घालू नका, कुंडीत क्षार साचतात.

मग नळांच्या तोंडाला एअरेटर बसवा. शंभर-दीडशे रुपयांची जाळी, पाण्यात हवा मिसळते, धार भरघोस वाटते आणि पाणी जवळपास निम्मं लागतं. गळणारा फ्लश लगेच दुरुस्त करा. टाकीत चिमूटभर हळद टाकून न फ्लश करता अर्धा तास थांबा, भांड्यात पिवळं दिसलं तर गळती आहे.

सोसायटीत पर्जन्यजलाचा विषय काढायचा असेल तर सोपा हिशेब घेऊन जा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटर गच्चीवर ७०,००० लिटर. त्यातलं थोडं वाया गेलं तरी बोअर भरायला उरतं ते कमी नाही.

प्लास्टिक पूर्ण बंद करता येतं का?

पूर्ण नाही, आणि त्यावर सगळी शक्ती खर्चू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशात जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे, तरी मंडईत पातळ पिशवी मिळतेच. पिशवी घरी विसरत असाल तर गाडीच्या डिकीत आणि ऑफिसच्या बॅगेत एकेक कायमची ठेवा.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. तो चिमुकला तुकडा कुणी गोळा करत नाही, थेट गटारात जातो. छोटी चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकता राहू दे. पिशवी धुऊन चिमट्याने दोरीवर वाळवा. दुधाच्या पिशव्या भंगारवाला आनंदाने घेतो. वेफर्स, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं मात्र अनेक थरांची असतात, त्यांना भंगारात किंमत नाही. ती कमी आणणं एवढाच उपाय.

बायोएन्झाइम खरंच चालतं का?

बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली गुळात आंबवून घरी केलेलं सफाईचं द्रावण. फरशी, ओटा, बेसिन यांच्यासाठी छान चालतं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्या-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने. बाटली थोडी रिकामी ठेवा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या, नाहीतर बाटली फुटते. काचेची बाटली नकोच. मात्र हे जंतुनाशक नाही. घरात आजारी माणूस असेल तर नेहमीचं जंतुनाशक वापरा, आणि दोन्ही एकत्र मिसळू नका.

घरकामाला येणाऱ्या ताई ओलं-सुकं वेगळं ठेवत नाहीत.

डबे कुठे आहेत ते आधी बघा. ओल्याचा डबा ओट्याखाली लांब आणि सुक्याचा हाताशी असेल तर घाईत चूक होणारच. ओल्याचं भांडं ओट्यावर, सिंकच्या शेजारी ठेवा. आणि काय कशात ते एकदा शांतपणे, सोबत उभं राहून दाखवा.

भाड्याचं घर आहे.

बादल्या, एअरेटर, चिकाचे पडदे, सगळं सोबत नेता येतं. पंखेसुद्धा.

घरच्या गणपतीचं विसर्जन?

शाडूची मूर्ती घ्या, बादलीत विसर्जन करा आणि माती वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला किंवा मुलांना द्या. पीओपीची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली पद्धत वापरता येते. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट बादलीतल्या पाण्यात विरघळवून त्यात मूर्ती ठेवायची आणि दिवसातून तीन-चार वेळा ढवळायचं. लहान मूर्ती साधारण ४८ तासांत विरघळते. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. पुण्यात हे रसायन गणेशोत्सवात महापालिकेमार्फत मोफत वाटलं गेलं आहे.

सॅनिटरी पॅड, डायपर, सेल, जुन्या गोळ्या कशात टाकायच्या?

ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या, म्हणजे आत काय आहे ते कचरा घेणाऱ्या ताईंना न उघडता कळतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण घरोघरी पोचवली. फुटलेली काच आणि वापरलेली ब्लेडंही अशीच गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून द्या. सेल, चार्जर, जुने फोन वर्षभर एका खोक्यात साठवा आणि ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. फुगलेली बॅटरी मात्र साठवू नका, ती पेट घेऊ शकते; ती त्याच आठवड्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किंवा संकलन केंद्रावर पोचती करा.